मार्गशीर्षातली रजा

इलाहीभाईंची पिठाची गिरणी मधेच थांबली की आमच्या आळीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या. गावात फोन दोनच. एक सरपंचांकडे, त्याला कायम कुलूप, आणि दुसरा गिरणीत. इंजिन चालू असलं की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, तिथं काश्मीरहून आलेलं काय कप्पाळ ऐकू येणार? म्हणून फौजेतल्या कुणाचा फोन आला की इलाहीभाई आधी इंजिन बंद करायचे आणि मग दारात येऊन नाव पुकारायचे. पुकपुक थांबल्यापासून नाव कानावर पडेपर्यंत जीव नुसता टांगणीला लागलेला असायचा. माणदेशातलं कोरडं गाव आमचं, घरटी एक पोरगा फौजेत, आणि त्या साली कारगिलला लढाई लागलेली.

त्या दुपारी मी आमच्या ओट्यावर शकूबाई कासारणीपुढे हात धरून बसले होते. वटपौर्णिमा तोंडावर आली होती. शकूबाईंनी जुन्या बांगड्या उतरवल्या, दोन्ही हातांत एकेक तेवढी ठेवली. सवाशिणीचा हात मोकळा ठेवत नाहीत, नवा चुडा चढेपर्यंत जुनी एक तरी राहू देतात. हिरव्या बांगड्यांचा तोडा त्यांनी मांडीवर घेतला, माझ्या हाताला साबण लावला आणि गिरणी थांबली.

"जगदाळ्यांचा शहाजी," इलाहीभाईंची हाक आली.

शहाजी म्हणजे माझे मालक. आता मी नाव घेते, तेव्हा घेत नव्हते. गिरणी आमच्या घरासमोरच. मामंजी धोतर सावरत पुढे, आत्याबाई त्यांच्या मागे, आणि त्यांच्या मागे मी, साबणाच्या हातांनी तशीच. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात, नातं असो नसो.

आमच्या घरच्या फोनची एक रीत होती. आधी मामंजी बोलणार. ते स्वतः फौजेत ड्रायव्हर होते, एका लढाईला जाऊन आलेले. फोन हातात आला की ताठ उभे राहायचे आणि 'जय हिंद' असं काही ओरडायचे की फोन नसता तरी काश्मीरपर्यंत गेलं असतं. तिकडची थंडी, रेशन, साहेब कसा आहे, एवढं झालं की मग आत्याबाई. त्या "जेवलास का रं?" एवढंच विचारायच्या आणि रडायला लागायच्या. पोरगा जेवला का नाही ते त्यांना कधीच ऐकू आलं नाही. त्यांचं रडून झालं की त्या फोन माझ्या हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "धर, ठिव जाग्याव."

माझं काम तेवढंच. फोन जागेवर ठेवायचा. सासूसासऱ्यांपुढे, गिरणीत दळणाला आलेल्या चार लोकांपुढे नवऱ्याशी बोलायचं, हे आमच्याकडे कुणी केलं नव्हतं. पत्र म्हणाल तर तेही मामंजीच लिहायचे आणि टाकायच्या आधी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्यात बायकोनं काय सांगायचं, शेळी व्याली म्हणून?

शिमग्याला हे रजेवर आले ते पाडवा करून गेले. त्या रजेत मला म्हणाले, "तू फोन ठेवतीस न्हवं, तवा तुझ्या बांगड्या वाजत्यात. त्या वाजल्या की मग मी फोन सोडतो."

मला खरं वाटेना. एवढ्या लांब?

"लई चांगल्या वाजत्यात. पुढच्या बारीला मुद्दाम वाजव. एकदा वाजवलंस तर बरी हायस. दोनदा वाजवलंस तर आईसंगं भांडलीस."

"मग दोनदाच वाजवावं लागंल," मी म्हणाले. हे इतके हसले की आत्याबाई आतून खाकरल्या.

पाडवा झाला, हे गेले, आणि मला दिवस राहिले. आधी एकदा राहिले होते, तिसऱ्यातच गेले होते. त्यामुळे आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, पाचवा लागल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही. गावाला तर नाहीच, शहाजीलाही नाही. तिकडे त्याचा जीव थाऱ्यावर राहायला पाहिजे. मामंजींनीही मान हलवली. मी काय बोलणार? पण हे डोंगरात, रोज रेडिओवर काही ना काही ऐकू येतंय, आणि ह्यांना माहीतच नाही की आपल्याला मूल होणार आहे, हे मला सोसत नव्हतं. रात्रंदिवस एकच, एवढं यांच्या कानावर जावं.

मधे एक फोन आला तेव्हा मी फोन ठेवता ठेवता तीनदा बांगड्या वाजवल्या. कळलं तर कळलं. कानाला लावून बघते तर हे हसत होते. "तीनदा? तीनदाचं तर काय ठरलंच न्हवतं," असं म्हणेपर्यंत फोन तुटला. घरी आल्यावर मी परड्यात जाऊन बसले आणि स्वतःलाच शिव्या दिल्या. तीनदाचं ठरवलं असतं तर काय बिघडलं असतं?

तर त्या दुपारी. मामंजींचं बोलणं रोजच्यापेक्षा लवकर आटपलं. "वर जायचंय? बरं. बरं. पाय जपून टाक," एवढं म्हणून त्यांनी फोन आत्याबाईंच्या हातात दिला आणि ते पोत्यांच्या ढिगाकडे तोंड करून उभे राहिले. वर म्हणजे कुठं, ते आम्हा सगळ्यांना कळलं. रेडिओवर त्या डोंगरांची नावं रोज येत होती. आत्याबाईंनी जेवण विचारलं, रडल्या, आणि फोन माझ्याकडे दिला.

मी फोन घेतला आणि हात हलवला. काहीच वाजलं नाही.

एकच बांगडी हातात. ती मनगटावर मुकाट इकडची तिकडे झाली. मी पुन्हा हलवला, जोरात. कानाला लावला तर यांचा आवाज आला, "हॅलो? हायस का?" मग थोडं थांबून, "वाजव की. वैजू? बरी हायस न्हवं?"

यांचा आवाज बदलला होता. घाबरलेला माणूस कसा बोलतो तसा. हा माणूस आता वर जायचा आणि जाताना मनात काय घेऊन जायचा, तर बायकोच्या हातात बांगड्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या हातातली बांगडी फोनवर आपटून बघावी असंही मनात आलं, पण साबणानं फोनच निसटायला लागला. मी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"हाय मी," मी म्हणाले. "बांगड्या भरतीया, हातात एकच हाय, म्हणून वाजंना. मी बरी हाय. आन् ऐका, मला चौथा चाललाय. ऐकलं का? दिवस गेल्यात मला."

पलीकडे खरखर झाली. कुणी तरी बोलल्यासारखं वाटलं, का वारा होता कुणास ठाऊक. आणि मग नुसता टूं असा लांब आवाज.

मी फोन कानालाच धरून उभी. गिरणीत माझ्यामागे दळणाला आलेल्या दोघी तिघी होत्या, त्यांतल्या एकीनं तोंडाला पदर लावला. मामंजी स्वतःच्या वहाणांकडे बघत होते. आत्याबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि त्या दिवशी तो त्यांनीच जागेवर ठेवला. इलाहीभाईंना माझी दया आली असावी. त्यांनी घाईघाईनं इंजिन चालू केलं, म्हणजे पुढचं कुणाला ऐकू नको जायला.

घरी आलो तर ओट्यावर शकूबाई वाट बघत बसलेल्या. त्यांच्यादेखत आत्याबाई म्हणाल्या, "समद्या गावाम्होरं पोटातलं बोलून आलीया, ती बी असल्या हातानं. चढवा तिच्या बांगड्या."

शकूबाईंनी बांगड्या चढवल्या. एक फुटली नाही. मी त्यांना आणि आत्याबाईंना वाकून नमस्कार केला. आत्याबाईंनी आशीर्वाद दिला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

आषाढात एक दिवस सकाळीच गिरणी थांबली. बायका दारात आल्या, मीही आले. इलाहीभाई गिरणीच्या दारात उभे होते आणि नाव पुकारत नव्हते. मग ते टोपी काढून हातात घेऊन आमच्याच घराकडे चालत आले. नाव पुकारायची त्यांच्यात ताकद नव्हती, असं ते नंतर मामंजींना म्हणाले. तालुक्याहून निरोप होता. पुढचं मी सांगत नाही. गाडी आली, साहेब आले, फुलं आली, आणि शकूबाईंच्या हातच्या बांगड्या दुसऱ्याच बायकांनी फोडल्या.

लोक म्हणायचे, वैजयंता धीराची आहे. कसला धीर? माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. यांनी ऐकलं का नाही? ती खरखर मी बोलायच्या आधी सुरू झाली की नंतर? मी रोज आठवून बघायची. कधी वाटायचं आधीच तुटला होता. कधी वाटायचं, नाही, 'चौथा' एवढं तरी गेलंच असणार. त्यानंतर यांचा फोन नाही, पत्र नाही. पुढं यांची ट्रंक आली तर मी ती तळापर्यंत उपसली. कपडे, दाढीचं सामान, मफलर. मी यांच्या कपड्यांचा वास घेत बसले, पण त्यातून काय कळणार?

आणि आत्याबाई माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. जेवायला वाढायच्या, पोट नीट वाढतंय का ते लांबून बघायच्या, सुईणीला बोलवायच्या, सगळं करायच्या, पण शब्द नाही. आलेल्या बायकांजवळ एकदा म्हणाल्या, ते मी आतून ऐकलं, "बोलू नगं म्हनलं हुतं. बोलली. लागली दृष्ट." मला राग आला नाही. त्यांचा एकुलता एक गेला होता. आणि खरं सांगायचं तर कधी कधी मलाही तसंच वाटायचं.

दिवाळी आली. आमच्या घरात त्या वर्षी कढई चढली नाही, पणती लागली नाही. भाऊबीजेच्या दिवशी दुपारी एक माणूस हातात बॅग घेऊन दारात उभा राहिला. मी आतल्या खोलीत होते. दिवस भरत आलेले आणि वर्षाच्या आतली विधवा, मी बाहेर कशाला जाते? दाराआडून ऐकत राहिले. त्यानं नाव सांगितलं, परशराम चौगुले, चंदगडकडचा, शहाजीच्याच कंपनीतला. मामंजींच्या पाया पडला, आत्याबाईंच्या पडला. आत्याबाईंनी पाणी दिलं, मग चहा.

यांच्या बोलण्यात परशा म्हणून जो असायचा तो हाच. वर काय झालं ते त्यानं मामंजींना थोडक्यात सांगितलं. मामंजींनीही फौजी माणसासारखं फक्त जागा आणि वेळ विचारली. आत्याबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. मला फटीतून त्यांची पाठ दिसत होती.

"काका, एक सांगायचं होतं," परशराम म्हणाला. "मी आलोय ना, ही रजा माझी नव्हे. शहाजीची आहे."

मामंजींना कळलं नाही.

मग त्यानं सांगितलं. दिवाळीची रजा सगळ्यांनाच पाहिजे असते, सगळ्यांना कशी मिळणार? म्हणून यांच्या तुकडीत आधीच चिठ्ठ्या टाकल्या होत्या. दिवाळी शहाजीला आली. परशरामला आली त्याच्या पुढची, मार्गशीर्षातली. दोन वर्षं त्याला दिवाळी मिळाली नव्हती, तो तोंड पाडून बसला होता. मग लढाई लागली आणि रजेचं नावच कुणी काढेना.

"वर जायच्या आधी तो घरी फोन करायला गेला होता. तिथून आला तो सरळ माझ्याकडे. म्हणाला, परश्या, दिवाळी तू घे, मला मार्गशीर्ष दे. मला वाटलं चेष्टा करतोय. दिवाळी सोडून मार्गशीर्ष कोण मागतं? पण सुभेदारसाहेबांना सांगूनच आला होता."

आत्याबाईंची पाठ ताठ झाली.

"मग तिथंच दगडावर बसला आणि बोटं मोजायला लागला. मोजायचा, हसायचा, परत पहिल्यापासनं मोजायचा. मधेच मला विचारतो कसा, औंदा धोंड्याचा महिना आला, तो मोजायचा का सोडायचा? मी म्हटलं, बाबा, रजेचा आणि धोंड्याच्या महिन्याचा काय संबंध? तर काही केल्या सांगेना. म्हणाला, आत्ता सांगायचं नसतं. आई रागवंल."

मी दाराची चौकट धरली. पोटातलं बाळ हललं का मीच हलले, कुणास ठाऊक.

परशराम बिचारा आपल्याच नादात होता. "म्हणून मी ही रजा घेतली. नको वाटत होती, पण त्यानं दिलेली. वाटलं आधी इथं यावं, मग घरी जावं. तेवढं एक मनात राहिलंय बघा, काका. काय होतं हो मार्गशीर्षात? गावची जत्रा का कुणाचं लग्न?"

मामंजींनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या वळल्या नाहीत. पण वटपौर्णिमेच्या आधीपासून जी हाक मी ऐकली नव्हती ती त्यांनी मारली.

"वैजू. भाईर ये."

मी पदर नीट केला आणि दारात आले. परशराम खाली मान घालून बशीतला चहा संपवत होता. हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळं मी आलेलं त्याला कळलं नाही. मग बोलणंच भाग होतं. सासऱ्यांपुढे, परक्या माणसापुढे, मी दुसऱ्यांदा बोलले.

"भाऊजी," मी म्हणाले, "हे हुतं."

भाऊजींनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं आणि बशी खाली ठेवून ते उभेच राहिले. दोन्ही हात जोडले, तसेच धरून ठेवले. मामंजी रडायला लागले. शहाजी गेल्यापासून त्यांना मी रडताना बघितलं नव्हतं.

"ऐकलं हुतं त्यानं," आत्याबाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही, नुसतंच. मग त्यांनी शेजारची घोंगडी हातानं सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"बस हितं. उभी ऱ्हाऊ नगंस, दिस भरल्यात."

मी सोप्यात, सगळ्यांच्या समोर, त्यांच्या शेजारी बसले.